शुक्रवार दुपार ते रविवार पहाट

आमच्या गल्लीत अजूनही सांगतात की वहिनींनी सख्ख्या भावाचं प्रेत तीन दिवस शवागारात दडवून ठेवलं, नवऱ्याची मान वाचवायला. सांगणारे छातीठोकपणे सांगतात. कुणी म्हणतं वरच्या खणात होतं, कुणी म्हणतं खालच्या. एकाने तर मला खणाचा नंबरही सांगितला. आता ज्याचं प्रेत म्हणतात त्यानेच गेल्या मंगळवारी माझ्या घड्याळाचा पट्टा बदलून दिला आणि वर विचारलं, “मनगट सुजलंय की जेवण वाढलंय?” तेव्हा प्रेताचं सोडून द्या. तीन दिवसांचं मात्र अगदीच खोटं नाही. आणि ती बातमी गल्लीत पहिल्यांदा कुणी आणली ते आत्ताच विचारू नका. ओघात येईलच.

वहिनी म्हणजे माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारी बाई. उंची बेताची, पण खांदे असे की बस थांबत नसेल तर ओढून थांबवेल. मोठ्या दवाखान्याच्या शवागारात ती नोकरीला आहे. प्रेतं आणायची, धुवायची, अंगठ्याला चिठ्ठी बांधायची, खणात सरकवायची, आणि नातेवाईक आले की बाहेर काढायची. “जिवंत माणूस उचलताना थोडा तरी मदत करतो,” ती सांगते, “मेलेला सगळं अंग आपल्यावर टाकून मोकळा होतो.” शेजारच्या बायका तिच्या हातात तान्हं मूल द्यायला बिचकतात. ती मुद्दाम हात पुढे करते आणि म्हणते, “दे गं, माझ्याकडचं कुणी आजवर रडलेलं नाही.” मला जिन्यात भेटली की वरपासून खालपर्यंत नजर फिरवते. “भावजी, पोट कमी करा. खण बंद व्हायचा नाही.”

नवरा वेल्डर. हा भला थोरला गडी शवागाराच्या दाराच्या बिजागऱ्या बसवायला गेला होता, आत नजर गेली आणि हातातल्या पान्यासकट आडवा झाला. वहिनींनी त्याला काखेत धरून बाहेर अंगणात नेलं आणि तोंडावर पाणी मारलं. लग्न त्यानंतर चार महिन्यांनी झालं. नवरीला उचलून घरात आणणारे पुष्कळ असतील. आमच्या वेल्डरला नवरीने आधीच उचलून बघितला होता.

भाऊ घड्याळवाला. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, ही चौदाची. हिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, मारलं, जवळ घेतलं. आता त्याचं बाजारात छोटं दुकान आहे. एका डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर दुसऱ्यांची वेळ जुळवत बसतो, आणि त्याला सवय अशी की कुणी ‘जरा वेळाने येतो’ म्हटलं तरी हा विचारणार, “म्हणजे किती मिनिटांनी?”

शवागारात वहिनींचा एक नियम आहे, आणि तो समजल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आत कोण आहे ते बाहेर कुणाला सांगायचं नाही. जवळच्या माणसाने स्वतः आत यायचं, चेहरा बघायचा, वहीत सही करायची. तोवर तोंड बंद. हा नियम दवाखान्याच्या फळ्यावर आहेच, पण वहिनींच्या हाडात तो वेगळ्या कारणाने शिरला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी फाटकाशी एक बाई नवऱ्याला शोधत आली. कारखान्यात स्फोट झाला होता. वहिनींनी अंगकाठीवरून, बुटांवरून ओळखून तिला सांगितलं, ‘आहेत आत.’ ती बाई वळली ती थेट रस्त्यावर आणि रस्त्यावरून ट्रकखाली. संध्याकाळी तिचा नवरा पायाला पट्टी बांधून, चालत आला. आतला माणूस दुसराच होता. वहिनींनी त्या नवऱ्याला बायकोचा चेहरा दाखवून सही घेतली. तेव्हापासून देवदूत येऊन विचारता झाला तरी ती म्हणेल, आत या, चेहरा बघा.

आता भांडणाकडे येतो. आमची मंडळी म्हणजे दोनअडीचशे माणसं, दगडी चर्च, एक पेटी, एक पाळक. वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. शुक्रवारी दुपारी तीनला प्रभूने वधस्तंभावर प्राण सोडला, सूर्य मावळायच्या आत त्याला कबरेत ठेवलं, आणि रविवारी पहाटे बायका गेल्या तर कबर रिकामी. लहानपणापासून आम्ही हे ऐकत आलो आणि कुणी बोटांवर मोजून बघितलं नाही. घड्याळवाल्याने मोजलं.

“योना माशाच्या पोटात तीन दिवस आणि तीन रात्री होता, तसाच मीही जमिनीच्या पोटात राहीन, असं प्रभूच म्हणाला ना?” एका रविवारी उपदेश संपल्यावर तो उभा राहिला. “शुक्रवारची रात्र एक. शनिवारची दोन. तिसरी कुठाय? पाळकसाहेब, तीन ते पहाटे पाच धरा. अडतीस तास! हवेत बहात्तर. असं घड्याळ मी दुरुस्त करून दिलं तर तुम्ही ते माझ्याच टाळक्यात घालाल.”

त्याचा हिशेब असा होता की प्रभू बुधवारी मारला गेला. दुसऱ्या दिवशी जो शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस होता, तो शनिवारचा नव्हेच, तो वल्हांडणाच्या सणाचा मोठा शब्बाथ, गुरुवारी आलेला. शुक्रवारी बायकांनी सुगंधी द्रव्यं विकत घेऊन तयार केली, शनिवारी नेहमीचा शब्बाथ पाळला. “एका शुभवर्तमानात बायका शब्बाथ झाल्यावर द्रव्यं विकत घेतात, दुसऱ्यात आधी तयार करतात आणि मग शब्बाथ पाळतात. दोन शब्बाथ धरल्याशिवाय हे जुळवून दाखवा!” शनिवारी सूर्य मावळताना बहात्तर तास भरले, प्रभू उठला; पहाटे फक्त ते कळलं.

वेल्डर बसल्या जागेवरून गरजला. “अहो मेव्हणे, ते लोक तुमच्या दुकानातनं घड्याळ घेऊन फिरत नव्हते! दिवसाचा तुकडा असला तरी तो दिवस धरायचे. एस्तेर राणीने तीन दिवस, तीन रात्री उपास सांगितला आणि तिसऱ्याच दिवशी राजापुढे जाऊन उभी राहिली. रविवारी संध्याकाळी वाटेने चाललेले दोघे शिष्य स्वतःच म्हणाले, आज तिसरा दिवस. बुधवारपासून मोजलं तर रविवार पाचवा येतो. पाचवा! मोजायला येतं का?”

“मोजायला येतं का?” असं घड्याळवाल्याला विचारणं म्हणजे त्याच्या आईवरून बोलण्यासारखं. तिथून मंडळीचे बुधवारवाले आणि शुक्रवारवाले झाले. पेटी वाजवणारे म्हातारबा गुरुवार म्हणायचे. त्यांच्या बाजूला ते एकटेच, त्यामुळे त्यांना दोन्हीकडून.

वहिनींना दिवसाशी कर्तव्य नव्हतं. ती वाचायची ते वेगळंच. एकदा दोघे तिच्या ओट्यापाशी तासांवरून हमरीतुमरीवर आले होते तेव्हा मी पलीकडून ऐकलं. “चाबकाने पाठीचं कातडं सोललं तर ते कापडाला चिकटतं,” ती भांडं घासता घासता म्हणाली. “कापड ओढून काढलं की पुन्हा सोलतं. मग त्याच पाठीवर लाकूड. मग मनगटातून खिळे, आणि श्वास घ्यायचा तर त्या खिळ्यांवरच अंग उचलायचं. कुशीत भाला खुपसला तर रक्त आणि पाणी वेगळं आलं, म्हणजे तोवर संपला होता. बाकीच्या दोघांचे पाय मोडले, ते जिवंत होते म्हणून. हे सगळं वाचून तुम्हाला घड्याळ आठवतं?”

“ताई, मुद्दा तासांचा आहे.”

“अगं, तू यात पडू नकोस.”

एवढ्यापुरतं दोघांचं एकमत झालं.

वर्षभरात प्रकरण तोंडातून हातात आलं. आधी शुक्रवारवाल्यांच्या गाड्यांचे टायर फाटले. मग कुणीतरी बुधवारवाल्यांचं बाक अंगणात नेऊन पेटवलं. वेल्डरच्या गॅसची नळी एका सकाळी अर्धी कापलेली सापडली. ठिणगी पडली असती तर त्याच्याबरोबर मीही गेलो असतो, आणि मी तर कुठल्याच वाराचा नव्हतो. चार दिवसांनी घड्याळवाल्याचं शटर उचकटून आतली सगळी घड्याळं घणाने ठेचली. काचांच्या ढिगात एकच भिंतीवरचं घड्याळ वाचलं. त्या दिवसापासून तो दुकानामागच्या खोलीत कानस घासून धार लावत बसायचा. कानशीला टोक काढलं होतं. मी बघितलं आणि विचारलं, “ही कुठल्या घड्याळासाठी?” तो म्हणाला, “मोठ्या.”

दुःखसहनाचा आठवडा आला. बुधवारवाल्यांनी जाहीर केलं की वधस्तंभाची प्रार्थना बुधवारी होणार. वेल्डरने चर्चच्या फाटकाला कुलूप लावलं नाही. त्याने फाटकच वेल्ड करून टाकलं. बुधवारी पंचवीसतीस माणसं भिंतीवरून, फाटकावरून चढली. एकाचा पाय घसरला आणि फाटकाच्या गजाचं भाल्यासारखं टोक मांडीतून आरपार गेलं. तो तिथेच लटकून ओरडत होता आणि खाली त्याला सोडवायचं टाकून लोक एकमेकांचे कान, केस, शर्ट ओढत होते. त्याला खाली काढायला शेवटी वेल्डरनेच तो गज कापला. मांडीला एकोणीस टाके पडले.

त्या संध्याकाळी वहिनी भावाच्या खोलीवर गेली आणि त्याला दंडाला धरून घरी घेऊन आली. नवऱ्याला समोर बसवलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मला वाकावंही लागलं नाही.

“तुमच्यापैकी एक माझ्या टेबलावर येणार,” ती म्हणाली, “आणि दुसरा तुरुंगात. एकाला मी धुणार, दुसऱ्याला भेटायला जाणार. कुणाला काय, ते आत्ता ठरवा. मला साबण भिजत घालायला बरं.”

वेल्डर म्हणाला, “तुझ्या भावाला सांग.”

घड्याळवाला म्हणाला, “दाजींना सांग.”

ती उठली आणि तिने बादलीत साबण भिजत घातला. खरं सांगतो, मला तिच्या जिभेपेक्षा ते जास्त लागलं.

शुक्रवारी तिची दिवसपाळी होती. चर्चमध्ये दुपारी तीनला सगळे मान खाली घालून उभे. मी मागच्या बाकावर. तिथून सगळी टकली नीट दिसतात. एवढ्यात बाजूच्या दाराने घड्याळवाला आला, छातीशी ते वाचलेलं घड्याळ धरून. थेट पुढे गेला, क्रूसापुढच्या टेबलावर ते ठेवलं आणि लंबक हलवला.

“तीन वाजले! आता रविवार पहाटेपर्यंत इथे बसा आणि मोजा! एक रात्र, दोन रात्री! तिसरी कुणी दाखवली तर मी…”

तिसरी दाखवायला वेल्डर फाटकाचा गज घेऊन धावला. पहिला फटका घड्याळावर. काच, काटे, लंबक, सगळं उडालं. दुसरा मेव्हण्याच्या कानाच्या वर. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा आवाज आला. तो खाली पडला, उजवा हात फरशीवर पसरलेला. वेल्डरचा लोखंडी टाचेचा बूट त्या बोटांवर उतरला आणि फिरला. मग दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडल्या. बाकांचे पाय निघाले. गाण्यांची जाडजूड पुस्तकं तोंडांवर बसली. कुणाचा तरी दात उडून दानपेटीवर टणकन वाजला. पाळकसाहेब ‘शांती असो, शांती असो’ ओरडत होते आणि त्यांच्या मुठीत कुणाचे तरी केस होते. ढकलाढकलीत क्रूस मुळासकट कलला आणि पेटीवर आला. गुरुवारवाल्या म्हातारबांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं.

पोलीस आले तेव्हा दोन्ही बाजूंनी एकमुखाने सांगितलं की क्रूस पडला. वर्षभरात मंडळीचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

आता माझं पाप. मी दवाखान्याच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा जखमींना न्यायच्या सगळ्या ढकलगाड्या आमच्याच मंडळीने अडवल्या होत्या, हे मागाहून कळलं. आतल्या इमारतीतून वहिनी आली, तिची शवागाराची गाडी ढकलत. गाडीवर माणूस. चादर डोक्यावरून ओढलेली. बाजूला एक हात लोंबत होता, ठेचलेला, आणि बाही घड्याळवाल्याच्या शर्टाची. वहिनी रडत नव्हती. नाकासमोर बघत अंगण ओलांडून गेली. आता तुम्हीच सांगा, शवागाराची बाई, शवागाराची गाडी, डोक्यावरून चादर. माणूस काय समजेल? मला कुठे माहीत की एक्स-रेची खोली अंगणापलीकडे आहे, गाडी दुसरी शिल्लक नव्हती, आणि रक्तावर माशा बसतात म्हणून तिने चादर वर ओढली होती! मी काही पळत सुटलो नाही. चालतच घरी आलो. पण वाटेत सात घरं लागली.

सातव्या घरापर्यंत घड्याळवाल्याला पुरायची वेळही ठरली होती.

वेल्डर घराला लागून असलेल्या आपल्या वर्कशॉपात शिरला आणि आतून शटर ओढलं. सहाच्या सुमारास वहिनी कामावरून आली. शटरपाशी थांबली.

“गेला?” आतून आवाज आला.

“आत कोण आहे ते मी बाहेर सांगत नाही.”

“अगं, मी तुझा नवरा आहे! तो तुझा भाऊ आहे!”

“म्हणूनच. जवळच्या माणसाने आत यायचं, चेहरा बघायचा, सही करायची. रविवारी पहाटे माझी पाळी आहे. तेव्हा ये.”

ती घरात गेली. मी तिच्या मागोमाग. मला खरं कळलं ते तिथे. घड्याळवाला जिवंत होता. डोक्याला सव्वीस टाके, तीन बोटं मोडलेली. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी वेळ विचारली आणि मग कानस मागितली.

“वहिनी, मी आत्ताच्या आत्ता जाऊन दादांना सांगतो.”

“सांगा,” ती म्हणाली. “सात घरी खोटं सांगून आलात, आठव्या घरी खरं सांगा. तो शटर उघडेल, हुश्श करेल, आणि पुढच्या वर्षी नेम चुकू देणार नाही. आणि तिकडचा? तो बरा झाला की काय करणार आहे? तुमच्या तोंडून एक शब्द फुटला, भावजी, तर पुढच्या चिठ्ठीवर नाव लिहायला मी तुम्हालाच बोलावेन.”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे अख्ख्या गल्लीत कुणाकडे नाही अशी बातमी होती, आणि ती मी गिळून बसलो. माझ्या पोटात ती योनासारखी उड्या मारत होती.

शनिवारी सकाळी वर्कशॉपातून जनावराने ओरडावं तसा आवाज आला. मी पत्र्याच्या भोकातून बघितलं. वेल्डरने उजवा पंजा शेगड्यात धरला होता, लोखंड आवळतात त्या शेगड्यात, आणि डाव्या हाताने दांडा फिरवत होता. एक फेरा. दुसरा. नखांतून रक्त येऊन खालच्या लोखंडी चुऱ्यात पडत होतं. मी वहिनीला हाका मारत सुटलो. तिने मागच्या दाराची कडी खांद्याने तोडली, शेगडा उलटा फिरवला, हात सोडवला, पाण्यात धरला, पट्टी बांधली. तो तिच्या कुशीत डोकं घालून विचारत होता, “एकदाच सांग. एकदाच. श्वास होता का?” तिने तोंड उघडलं. मला वाटलं, सांगणार. तिने पट्टीला गाठ मारली आणि म्हणाली, “उद्या पहाटे.” बाहेर आली आणि भिंतीला टेकून ओकली. मग तोंड धुऊन कामावर गेली.

तिकडे घड्याळवाला डोक्याला मार लागलेल्यांच्या वेगळ्या वॉर्डात चरफडत होता; तिथे भेटायला कुणाला सोडत नव्हते. त्याचे रक्ताचे कपडे वहिनींनी गाठोडं बांधून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवले होते, मारामारीच्या सगळ्याच जखमींचे ठेवतात तसे. “ताई, पँट दे.” “पुरावा आहे. पोलिसांना विचार.” दवाखान्याचा झगा मागून उघडा, त्यामुळे सूड घ्यायला बाहेर पडायची सोय नव्हती. म्हणून त्याने मलमपट्टीच्या ताटलीतली कात्री लांबवली आणि उशीखाली ठेवली. हे वहिनींना ठाऊक नव्हतं. एवढं एकच तिला ठाऊक नव्हतं.

रविवारी उजाडायच्या आधी ती नवऱ्याला घेऊन निघाली. मी वीस पावलं मागे. वेल्डर दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. शवागाराच्या दाराशी तो थांबला.

“मी सही करतो. पण चेहरा नको.”

“चेहरा बघितल्याशिवाय सही नाही.”

आत गाडीवर एक माणूस, छातीपर्यंत चादर. वहिनींनी घड्याळवाल्याला आधीच वॉर्डातून आणवून ठेवलं होतं, ‘कागदावर सही हवी’ सांगून. वेल्डर डोळे मिटून दोन पावलं गेला, तिसऱ्याला उघडले. गाडीवरचा माणूस पाय खाली सोडून उठून बसला.

वेल्डरच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. तो गुडघ्यावर कोसळला आणि त्याने दोन्ही हातांनी मेव्हण्याच्या पोटऱ्या धरल्या. घड्याळवाल्याला काय वाटावं? गेल्या वेळी हे हात त्याच्याकडे आले तेव्हा त्यांत गज होता. त्याने झग्यातून कात्री काढली आणि डाव्या हाताने खाली मारली. ती डाव्या खांद्यात घुसली. ओढून काढली, पुन्हा मारली. दंडात. रक्ताची धार फरशीवर.

“मार,” वेल्डर खालून म्हणत होता. “जिवंत आहेस ना! मार. अजून मार.”

हसत होता की रडत होता, काही कळत नव्हतं. तिसऱ्या वेळी कात्री वर गेली आणि वरच थांबली. घड्याळवाला खालच्या रक्ताकडे बघत राहिला आणि मग, ज्याला भोसकलं तो राहिला बाजूला, हाच बोंबलायला लागला, “ताई! ताई, दाजींना रक्त येतंय!”

वहिनींनी त्याचं मनगट पिरगाळून कात्री पाडली. त्याच्या एक मुस्कटात मारली, टाके ओले झाले. दुसरी नवऱ्याच्या. “इथे रक्त सांडायचं नाही. इथे येणाऱ्यांचं बाहेरच सांडून झालेलं असतं.” मग एकाला गाडीवर आडवा केला, दुसऱ्याला खांद्यावर टाकला, आणि मला म्हणाली, “बघत काय उभे राहिलात? ढकला गाडी.”

दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. दुपारी मी त्यांना बघायला गेलो, तर दाराबाहेरच आवाज आला. पुन्हा तेच भांडण चालू होतं! मी वहिनींना बोलवायला वळलो. पण ऐकलं आणि जागीच खिळलो.

“तीन रात्री,” वेल्डर म्हणत होता. “माझ्याशी वाद घालू नका मेव्हणे. तुम्ही मेलात असं मी जितका वेळ समजत होतो त्यात तीन रात्री होत्या. मी प्रत्येक रात्र बघितली.”

“दाजी, शुक्रवार आणि शनिवार. दोन.”

“मग त्यातली एक दोनदा आली.”

“अहो, पहाटे शवागारात वाट बघत पडलो होतो तेव्हा मी ताईची वही बघितली. कुणीतरी शुक्रवारी आलेला, रविवारी बाहेर गेलेला. ताईच्या हाताने लिहिलंय, ‘दिवस तीन’. तिथे तुकडा पडला तरी अख्खा दिवस धरतात. आधी माहीत असतं तर…” तो थांबला. “शुक्रवार बसतो, दाजी. तुमचं बरोबर होतं.”

“नाही बसत! ज्या माणसांनी प्रभूला मेलेला बघितलं त्यांना जाऊन विचारा. बुधवारच असणार.”

“अहो, तुम्ही शुक्रवारवाले!”

“होतो.”

दोघांच्या तीन हातांना पट्ट्या होत्या आणि चौथ्या हाताने घड्याळवाला दाजींच्या पेल्यात पाणी ओतत होता. शिव्या मात्र दोघेही भरपूर देत होते.

बाहेरच्या बोळात निराळाच रंग होता. पुढाऱ्यांनी बाजू बदलल्याचं कळताच दोन्हीकडची माणसं दवाखान्यात जमली होती. बुधवारवाल्यांना वेल्डर नको होता, शुक्रवारवाल्यांना घड्याळवाला. एकाने सलाइनची दांडी उपटून हातात घेतली होती, दुसऱ्याने खुर्ची. त्यांच्यामध्ये पाळकसाहेब, एक डोळा अजून काळानिळा. वहिनी बादली घेऊन बोळ पुसत होती, कारण सकाळचं रक्त तिथवर ठिबकत आलं होतं.

पाळकसाहेबांनी हात जोडले. “बाई, आता तूच काहीतरी बोल. हे तुझं ऐकतील. मंडळीला काय सांगू मी? बुधवार की शुक्रवार?”

वहिनींनी फडकं बादलीत पिळलं, दांडी धरलेल्याकडे बघितलं, खुर्ची धरलेल्याकडे बघितलं.

“त्यांना सांगा, माझ्याकडे बुधवारी आणलेला उठला नाही, आणि शुक्रवारी आणलेलाही उठला नाही. उठणारा एकच होता, आणि तो यांच्यापैकी नाही. तेव्हा हात खिशात ठेवून मोजा म्हणावं.”